असीरिया जेवली का?

४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप काकूस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, म्हणून आधीच कान पकडते. बातमी चांगली नाही. गेल्या महिन्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. मी रजा टाकून इथे येऊन राहिले आहे. तुला लगेच कळवलं नाही, कारण वाटलं, तू धुलाईघरातली इस्त्री टाकून धावत सुटशील. मग वाटलं, कदाचित सुटणार नाहीस, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

बाबांचं बोलणं विचित्र झालं आहे. मराठी पार पुसली गेली आणि इंग्रजीचे तुकडे तेवढे उरले. डॉक्टर म्हणतात, असं होतं कधी कधी. जन्मभर छापखान्यात बसून शाळेच्या शब्दकोशासाठी इंग्रजी वाक्यं रचली, तेवढीच शिल्लक राहिली म्हणायची. त्यातही सारखा एकच शब्द, असीरिया. 'व्हेअर इज असीरिया?' असं विचारतात आणि दाराकडे बघत राहतात. कोशातलाच जुना शब्द आहे, कुठल्याशा प्राचीन साम्राज्याचं नाव. तू मनावर घेऊ नकोस.

काका गेल्यावर तू आमच्याकडे राहिलीस, आई गेल्यावर मला वाढवलंस. अशा वेळी या घरात तू नाहीस, हे फार जाणवतं. जमलं तर येऊन जाशील का?

आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकी

८ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या बाबांना, म्हणजे भाऊजींना, मी कधी दुपारीसुद्धा आडवं झालेलं पाहिलं नाही. इतक्या दिवसांनी कळवलंस याबद्दल तुझी चंपी करायची आहे, ती उधार ठेवते.

आता नीट ऐक. त्यांची कूस बदलत राहा. चादर ताणून खोच, एक सुरकुती राहता कामा नये, सुरकुतीनेच पाठ सोलते. मी रुग्णालयाच्या धुलाईघरात आयुष्य घासते आहे, तेव्हा एवढं तरी माझं ऐक. चादर जुनी घे, नवी कडक असते.

तू लिहितेस की मनावर घेऊ नकोस. मी कशाला मनावर घेऊ, बाई? मला मेलीला साम्राज्यातलं काय कळतंय! पण उत्सुकता वाटली खरी. हे असीरिया म्हणजे काय, आणि इंग्रजी वाक्यात कसं वापरतात, ते जरा लिहून पाठव. तुझ्याकडून शिकायला मला कमीपणा नाही.

येण्याचं म्हणशील तर इथे चादरी-कपड्यांची मोजदाद चालू आहे, रजा मागायला कारण लागतं. आणि मला नक्की कोण बोलावतंय, तू की भाऊजी, तेही कळू दे.

जिवाला जप. माया आहेच, ती काही टपालावर अवलंबून नाही.

तुझी,
काकू

११ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप काकूस,
सा. न. वि. वि.

जुनी चादर घातली. बाबांनी डाव्या हाताने ती चाचपली आणि पहिल्यांदा शांत झोपले. तू इथे नसतानाही घर चालवतेस.

तू विचारलंस म्हणून कपाटातून बाबांचा कोश काढला. त्या शब्दाखाली तीन वाक्यं आहेत, तिन्ही त्यांनीच रचलेली. 'असीरिया वॉज अ माइटी एम्पायर', म्हणजे ते बलाढ्य साम्राज्य होतं. 'असीरिया डिमांडेड ट्रिब्यूट', म्हणजे ते इतरांकडून खंडणी मागे. आणि 'आफ्टर असीरिया फेल, इट्स सिटीज स्टुड एम्प्टी', त्याचा पाडाव झाल्यावर त्याची शहरं ओस पडली. छापील इंग्रजीत हे नाव असंच येतं, कुणाला तरी चिरडताना नाहीतर स्वतः कोसळताना.

घरातलं इंग्रजी वेगळं असतं. ते पत्रात मावणार नाही, समोरासमोर सांगेन. सांगायला मला लाज वाटते आहे, एवढंच आत्ता लिहिते.

काकू, कोण बोलावतंय विचारलंस ना? दोघंही. डॉक्टर आता नुसतं 'बघू' म्हणतात. मोजदाद राहू दे. ये.

रागावलीस तरी चालेल, पण लोभ राहू दे.

तुझी,
ठकी

१४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारच्या पहिल्या बसने निघते आहे. मोजदाद गेली खड्ड्यात. हे पत्र आधी पोचेल की मी, कोण जाणे, पण समोर बसून हे माझ्याच्याने बोलवणार नाही, म्हणून लिहिते.

ठके, असीरिया म्हणजे मी. मला पहिल्यापासून माहीत आहे. तू दहा वर्षांची होतीस. चपला घालून स्वयंपाकघरात याल तर तंगडी तोडीन, असं मी तुला आणि तुझ्या बाबांना एकदमच बजावलं. भाऊजी तेव्हा नेमके त्या शब्दाची वाक्यं रचत बसले होते. त्यांनी तुझ्या कानात काहीतरी सांगितलं आणि तू हसून लोटपोट झालीस. तेव्हापासून तुमचं सुरू झालं. मी फडताळं आवरायला काढली की 'असीरिया हॅज अटॅक्ड द कबर्ड'. मी भाजी आणायला सांगितली की 'असीरिया डिमांड्स ट्रिब्यूट'. मला इंग्रजी येत नाही, बाळ, पण असीरियाचं इंग्रजी येतं. रोज कानावर पडल्यावर भिंतीलासुद्धा येईल.

राग आला का विचारशील. पहिला महिनाभर आला. मग मजा वाटू लागली. या घरात आश्रित म्हणून आले होते, आणि बघता बघता साम्राज्य झाले. पदर तोंडाशी धरून हसायचे मी कणीक मळताना. मागचं पत्र लिहिताना सगळं ठाऊक असून वेड पांघरलं, कारण एकदा तरी तुमच्यापैकी कुणीतरी मला सरळ सांगावं, अशी हौस होती.

आणि मी घर का सोडलं, तेही सांगते. नोकरीचं निमित्त होतं. तू लग्न होऊन गेलीस आणि ती वाक्यं बंद झाली. भाऊजी बोलणार कुणाशी? आम्ही दीर-भावजय, कामापुरतं बोलणारे. 'चहा ठेवलाय', 'बरं', एवढ्यावर दिवस जायचा. मी वाट पाहिली, गं. वाटलं, एखादं वाक्य माझ्याकडे तोंड करून म्हणतील. मलाही एखादं म्हणता आलं असतं, पण मी मानी. एवढ्या वर्षांनी 'मला सगळं कळतं' म्हणून सांगायचं, तर इतकी वर्षं चोरून ऐकलं हेही कबूल करावं लागलं असतं. शेवटी ती शांतता सोसवेना, म्हणून निघाले.

एक वाक्य मात्र मी मुद्दाम लिहिलं नाही. ते त्यांच्या तोंडून ऐकायला येते आहे.

मायेचा हिशेब भेटीत.

तुझी,
काकू

२ मार्च

तीर्थस्वरूप काकूस,
सा. न. वि. वि.

तू परत गेल्यावर आज पहिल्यांदा लिहायला बसले. शनिवारी दुपारी बाबा गेले, त्याच संध्याकाळी आटोपावं लागलं आणि रविवारी तू दारात उभी राहिलीस. माझी तार तुझ्या खोलीवर पोचली तेव्हा तू बसमध्ये होतीस. तू रिकाम्या खाटेवरची चादर ताणून खोचलीस आणि नुसती तिथे बसून राहिलीस. ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

तुझं चौदा तारखेचं पत्र सोमवारी आलं. तू आत पाहुण्यांना चहा देत होतीस. पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि तुझ्यासमोर उघडायचा धीर झाला नाही. तू गेल्यावर वाचलं. काकू, मी पहिल्याच पत्रात एवढं लिहिलं असतं, की बाबा तुलाच बोलावताहेत, तर तू त्यांना भेटली असतीस. लाजेपायी मी तुला कोशातली वाक्यं पाठवत बसले.

तू न लिहिलेलं वाक्य कुठलं, ते मला माहीत आहे. तू आमच्याबरोबर न बसता स्वयंपाकघरात एकटी जेवायचीस, कधी नुसतीच झाकपाक करून झोपायचीस. बाबांना तुला विचारता यायचं नाही. मग रोज पानावरून उठण्याआधी ते मला विचारायचे, 'हॅज असीरिया ईटन?' असीरिया जेवली का? मी आत डोकावून यायचे आणि 'येस' म्हणायचे. मगच ते उठायचे.

शनिवारी मी त्यांना भरवत होते. चमचा तोंडाशी नेला, तर मान वळवून म्हणाले, 'हॅज असीरिया ईटन?' मला खोटं बोलवेना. म्हटलं, माहीत नाही, बाबा. त्यांनी तोंड उघडलं नाही. त्यानंतर काही बोललेही नाहीत.

एवढंसं 'येस' म्हणायला काय हरकत होती मला? तूच सांग.

माझ्यावर लोभ ठेवण्यासारखं काही उरलं असेल, तर ठेव.

तुझी,
ठकी

६ मार्च

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

स्वतःला खाऊ नकोस. तो आठवडा तू एकटीने वाया घालवला नाहीस, मीही घालवला. ओळखीच्या शब्दाचा अर्थ विचारत बसले आणि तेवढ्यात माणूस गेलं. माझी हौस, दुसरं काय.

मला भिंतीपलीकडून तुमचे दोघांचे आवाज रोज यायचे, त्यांचा प्रश्न आणि तुझं 'येस'. कितीदा तरी तू 'येस' म्हणालीस तेव्हा मी जेवलेली नसायचे. पण ते ऐकून ताट वाढून घ्यायचे, तुला खोटं पाडायला नको म्हणून. तुम्ही दोघांनी मला असं जेवायला घातलंय, ठके.

हल्ली इथल्या खानावळीत पानावरून उठण्याआधी मी मोठ्याने म्हणते, 'येस, असीरिया हॅज ईटन.' बरोबरीच्या बाया हसतात, म्हणतात, म्हातारीला इंग्रजी फुटलं. हसू देत. त्या घरात स्वयंपाकघरातून एवढंच ओरडून सांगायचं होतं. भाऊजी किती हसले असते.

वेळेवर जेव, आणि जेवलीस की मला कळव.

तुझी,
असीरिया