वैशूची सीट आणि माझं तोंड

३ जून, मंगळ. डिंगोरे.
पोरीची बारावी झाली. वैशू टूल अँड डाय शिकणार म्हणते. म्हणजे कारखान्यातले पार्ट ज्यातून निघतात ते साचे बनवायचे, केसाएवढी चूक चालत नाही. माझी हरकत नाही. पण कॉलेज कुठलं? माझा मेव्हणा, बायकोचा भाऊ संजय हायवेवरच्या एका खाजगी कॉलेजचं नाव घेऊन आज दोनदा येऊन गेला. एवढी कळकळ कशाची?

५ जून, गुरु.
बघून आलो. संजय, वैशू, मी. एसी ऑफिस, गार सरबत, "शंभर टक्के नोकरी". शंभर टक्के तर पाऊसही पडत नाही. वर्कशॉप दाखवा म्हटलं तर किल्ली सापडेना. शेवटी सापडली. मशिनं नवीकोरी, पण खालच्या ट्रेमध्ये लोखंडाचा चिमूटभर कीस नाही. ज्या गोठ्यात शेण नाही तिथं गुरं नाहीत. "चालवून दाखवा की राव," म्हटलं. ऑपरेटर रजेवर!
वाटेत संजय म्हणाला, "दाजी, तुमी देवावर बी इस्वास ठेवणार न्हाई."
देवावर ठेवतो. त्याच्यावर नाही. ह्यात त्याचं काहीतरी आहे, नक्की. हिला तसं बोललो. ताट आदळलं.

९ जून, सोम.
चाकणच्या पुढचं ट्रेनिंग सेंटर, वैशूनंच शोधलेलं. पहाटेची एसटी, वैशू आणि मी. जुनी मशिनं, सगळीकडे तेलाचा वास, पोरापोरींचे हात काळे. तिथल्या वाळुंज सरांनी बसा पण म्हटलं नाही. मला बघताक्षणी पटलं.
आणि पटलं म्हणूनच तोंड सुटलं. बैलबाजारात जे जनावर आवडलं त्यालाच नावं ठेवायची, ही आमच्यातली जुनी रीत. गरज दिसली की समोरचा भाव चढवतो. मशिनं म्हातारी झाली, शेड गळत असंल, लई लांब पडतं, आन पोरगी बी काय फार हुशार न्हाई, बघा बाबा... सगळं बोलून घेतलं. सर ऐकत राहिले. "ठीक आहे," एवढंच. मी खूश. जमलं म्हटलं.

१२ जून, गुरु.
सकाळी सेंटरमधून वैशूला फोन. तुमच्या वडिलांना आमचं सेंटर पसंत दिसत नाही, सीट दुसऱ्याला देतोय.
संजयनंच काडी घातली, दुसरं कोण? गाडी काढली, त्याच्या दारात जाऊन वाट्टेल ते बोललो. शेजारीपाजारी गोळा. तो म्हणाला, "दाजी, मला त्या सेंटरचं नाव बी ठावं न्हाई." खरं असावं.
वैशू रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.
"अण्णा, मी काय बैल आहे का?"
फार लाज वाटली. जेवण गेलं नाही.

१३ जून, शुक्र.
वाळुंज सरांना फोन लावला. बाजाराची रीत समजावून सांगितली. मग म्हणाले, "एक जागा अजून पक्की केली नाही. सोमवारी मुलीला पाठवा. एकटीला."
एकटीला का? आत काय करणार आहेत? हिला विचारलं तर हिनं माझ्यापुढं हातच जोडले.

१६ जून, सोम.
एकटीच पाठवली. म्हणजे त्याच एसटीत मागच्या बाकावर मी. सेंटरच्या समोर टपरीवर बसून राहिलो. गेटवरून नजर हलवली नाही.
दुपार टळल्यावर आली. बोटं काळी, अंगठ्याला फोड. मला बघून नवल वाटलं नाही तिला.
"लोखंडाचा ठोकळा दिला. कानशीनं घासून सपाट करायचा."
"झाला?"
"अर्धा. उद्या परत बोलावलंय."
"आन सीटचं?"
"विचारलं नाही."
"अगं, का?"
"विचारलं असतं तर सरांना मी तुमचीच पोरगी वाटले असते."
बोलली ते लागलं, आणि खोटं नव्हतं.
उद्या पहाटेचीच गाडी. मला चला म्हणाली नाही. येऊ नका असंही म्हणाली नाही. गजर लावू की नको, कळत नाही.