अख्खं आकाश एका छताला

रविवार, ६ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

एरवी तुला लिहिलेलं पत्र मी तीनदा उतरवून काढतो, एकेक वेलांटी तपासतो, चिकटवलेलं पाकीट पुन्हा फोडतो. हे एका बैठकीत लिहितोय आणि वाचूनही पाहणार नाही. ताई, संशय गेला. नव्या डॉक्टरांनी गोळी वाढवली त्याला पाच आठवडे झाले, आणि गेल्या सोमवारपासून डोक्याच्या खिडक्या कुणीतरी पुसून दिल्यासारखं वाटतंय. पुस्तकं बांधायच्या खोलीला कुलूप लावतो आणि चालू लागतो. नीट लागलं का ते पाहायला मागे वळत नाही.

झोप तीन तास पुरते. उजाडताना खळीच्या भांड्यावर वाफ धरते आणि तिच्यात कागद श्वास घेताना दिसतात. तुझी भावजय म्हणते, मी फार भरभर बोलतो. मी म्हटलं, तूच फार हळू ऐकतेस.

आता खरी बातमी. संग्रहालयाचा नक्षत्रांचा जुना नकाशासंग्रह माझ्याकडे आलाय. दोनशे वर्षांचा, दुसरी प्रत कुठेच नाही. त्यांना फक्त पुठ्ठा बदलून हवाय. पण पुस्तकात बांधून कुणीतरी आकाशाचे तुकडे केलेत गं. येत्या गुरुवारी मी शिवण कापणार, पानं सुटी करणार आणि छताला शेजारी शेजारी टांगणार. लोक जमिनीवर आडवे पडून अख्खं आकाश पाहतील. संग्रहालयाला विचारत बसायला वेळ नाही. पाहिल्यावर तेच माझे आभार मानतील.

मेव्हण्यांना नमस्कार. माझ्या वाटचा लोभ कुणाला वाटू नकोस.
तुझा चिकटोबा

मंगळवार, ८ मार्च

चि. चिकटोबास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आनंदाने तुझ्या मेव्हण्यांना हाक मारली. दुसऱ्यांदा वाचलं आणि खाली बसले.

पाच वर्षांपूर्वी असंच पत्र आलं होतं. एका बैठकीतलं, न तपासलेलं. ते मी घरभर वाचून दाखवलं, आमचा धाकटा बरा झाला म्हणून. दोन महिन्यांनी तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास आणि मी तुला चमच्याने पाणी पाजत होते. ती चूक माझी. तुझा संशय कमी झाला की आपण सगळे त्याला बरं होणं म्हणतो. त्याच उघड्या दाराने दुसरं दुखणं हसत आत येतं, त्याला कुणी नाव विचारत नाही. तेव्हाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की संशय सैल करणारी गोळी तुझं मन कधी कधी फार वर उचलते. या नव्या डॉक्टरांना तू ते सांगितलंस का? मला नाही वाटत.

मी सभांमधून माणसं पेटवत आले, जन्म त्यात गेला. म्हणून सांगते, पेटलेल्या माणसाशी वाद घालू नये. तुझी आकाशाची कल्पना सुंदर आहे, भीती तिचीच वाटते. पण तीन तासांची झोप, बोलण्याचा वेग आणि कुणाला विचारायला वेळ नसणं, हे तिघं मागच्या वेळीही एकत्रच आले होते.

भावजयीशी फोनवर बोलले. सुऱ्या-कात्र्या तिने शेजारच्या चष्मेवाल्यांकडे ठेवल्यात. तिच्यावर चिडू नकोस, माझ्यावर चीड. मी लांब आहे, मला परवडतं. उद्या अकराची डॉक्टरांची वेळ घेतलीय. त्यांना मागचं सगळं सांग. तोवर आपल्या मनाने गोळी कमी-जास्त करायची नाही. टपालावर न विसंबता हे पत्र आमच्या संघटनेच्या चिटणीसबाईंच्या हाती देते आहे.

रागावलास तरी लोभ तसाच ठेव.
ताई

गुरुवार, १० मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

काल गेलो डॉक्टरांकडे, घरात भांडण नको म्हणून. त्यांनी वाढवलेली गोळी उतरवली आणि मन जमिनीवर धरणारी दुसरी सुरू केली. येताना चष्मेवाल्यांकडे सुऱ्या मागितल्या. त्या भल्या माणसाने मला खुर्चीत बसवलं आणि समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचायला लावली. शेवटची बारीक ओळसुद्धा बरोबर वाचली आणि मग मला काहीच दिसेना, डोळे भरून आले होते.

आज गुरुवार. छत रिकामं आहे. इतक्या वर्षांत दहा दिवस सुखाचे मिळाले होते, ते तू काढून घेतलेस. मोठी आली भाषणवाली.

लोभाचं नंतर पाहू.

रविवार, १७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सात तास झोपतो. जग पुन्हा जरा मातकट दिसतं आणि कुलपासाठी दोनदा मागे फिरतो. ते उजळ दिवस अजून हवेसे वाटतात, खोटं कशाला बोलू.

मध्यंतरी नवंच खूळ लागलं. संशयाला दुसरं काही मिळेना, तेव्हा तो आनंदच तपासायला बसला. जरा हसलो की शंका, हे हसणं जास्त तर नाही ना? दिवसातून वीसदा बायकोला विचारायचो, मी भरभर बोलतोय का? ती म्हणाली, बोलणं ठीक आहे, विचारण्याचा वेग मात्र वाढलाय.

डॉक्टर म्हणाले, तुमचा पहारा तुम्ही द्यायचाच नाही. आता बायको माझ्या झोपेचे तास टिपते आणि दर रविवारी कार्डावर तुला पाठवते. मी ते कार्ड पाहायचं नाही. लागोपाठ दोन दिवस पाच तासांच्या आत झोप दिसली, तर तू सरळ डॉक्टरांना फोन करायचा. तशी परवानगी माझ्या सहीनिशी सोबत आहे. त्या दिवशी मी अगदी गोड बोलेन. म्हणेन, ताई, या खेपेला खरंच बरा झालोय. तेव्हा माझं ऐकू नकोस.

नकाशासंग्रह काल पोचता केला. नवा पुठ्ठा, जुनीच शिवण. संग्रहालयातल्या बाई पानं उलटत म्हणाल्या की असली शिवण आता कुणाला घालता येत नाही, एकदा सुटली असती तर गेलीच होती. मी मान हलवली.

परतताना पुलावर थांबलो. खाली उन्हात नदी नुकत्या खळ लावलेल्या कागदासारखी ओली आणि लख्ख पसरली होती. मला आनंद झाला. थोडा की फार, ते पाहिलं नाही. तुझ्याकडे कार्ड येईल.

मागच्या पत्रात राहिलेला लोभ या पत्रात धरावा.
तुझा चिकटोबा