जरा धर, आलोच

शुक्र. २३ जाने.

क्रेगने ऑफिसात तिकिटं नाचवली. उद्या हेन्डरसनच्या बाजूला बिअर फेस्टिव्हल, त्याआधी वाटेत दोन पब. गाडी कोण चालवणार? मी फटकन बोलून गेलो, आमचा मंदार आहे की, तो पीतच नाही. क्रेग म्हणाला, स्वीट ॲझ, म्हणजे इथल्या भाषेत मस्तच.

मंदारला (पुढे मं., टायपायचा कंटाळा) फोन केला. "मी येऊन काय करू रे प्रसाद?" "गाडी चालव, चिप्स खा, आमची थोबाडं बघ." हसला. मग अनुजावहिनींनी फोन घेतला. गेल्या मार्चमध्ये त्याच्या पिण्याला वैतागून लेकीला घेऊन महिनाभर मैत्रिणीकडे राहिल्या होत्या. तेव्हापासून त्याने थेंब घेतलेला नाही. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बरोबर आहात ना? मग जाऊ दे त्याला. तेवढाच बाहेर पडेल."

रूपाली आणि चिरंजीव सुट्टीचे पुण्यात. घर खायला उठतंय. उद्या मजा.

शनि. २४

इथला जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, ऊन मरणाचं. टोपी विसरलो, नाक भाजलंय. पहिल्या पबच्या मागच्या अंगणात दोन पाइंट. दुसऱ्यात पूल टेबल. मं. लेमनेड पीत क्रेगला हरवत होता. पठ्ठ्या! झकास चाललं होतं.

ग्राउंडवर तंबूच तंबू, बँड, निम्मी जनता जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून. गेटवर मनगटाला पट्टे बांधतात. आमचे निळे, मं.चा हिरवा, ड्रायव्हरचा. हिरव्याला लेमनेड फुकट. गेटवरची बाई त्याला माओरीत नमस्कार करून म्हणाली, "किआ ओरा, लेजंड!" मं.ने पट्टा मला दोनदा दाखवला.

मग ते झालं. टॉयलेटची रांग ही एवढी. माझा ग्लास नुकताच भरलेला, काठोकाठ. मं.च्या हातात दिला. "जरा धर, आलोच." परत आलो तर ग्लास रिकामा. क्रेग तिकडे बँडसमोर नाचत होता. मं. म्हणाला, "सांडली रे." मी खाली बघितलं. गवत ठणठणीत कोरडं. म्हटलं, "असू दे, दुसरी आणतो."

येताना मं.ने त्याच्या मॅनेजरची अशी नक्कल केली की हसून हसून पोट दुखलं. मला टाकानिनीला घरी सोडून गेला.

लेकाचा व्हिडिओ कॉल. "बाबा, आर यू बीइंग गुड?" म्हटलं, हो रे राजा.

रवि. २५

डोकं जड. मं. फोन उचलत नाहीये.

बाजूलाच टेबल होतं. रिकामं. ग्लास त्यावर ठेवता आला असता. क्रेगकडे देता आला असता. हे आज सुचतंय.

खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचतंय. लेमनेडवाला मं. मला बोअर होतो. भला माणूस, पण बोअर. मला पूर्वीचा हवा होता, नकला करणारा. थोडी घेतली तर काय बिघडतं, असं मनात कुठेतरी होतंच. आणि वर तो ती पोटात घेऊन गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसून खिदळत होतो. लाज वाटते रे स्वतःची.

सोम. २६ (सुट्टी)

न राहवून पापाकुराला त्यांच्याकडे गेलो. मं. आतल्या खोलीत इस्त्री करत होता, दार उघडंच. वहिनींनी पोहे दिले आणि हळूच विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. परवा घेतली का त्याने?"

"छे हो वहिनी! लेमनेड पिऊन पिऊन पोट फुगलं त्याचं."

असं तोंड भरून. श्वासही घ्यावा लागला नाही.

"तुम्ही म्हणताय म्हणजे नाहीच," म्हणाल्या आणि आणखी पोहे वाढले. तेही संपवले. मं. बाहेर आला, माझ्याकडे बघितलंच नाही त्याने.

मंगळ. २७

मं. दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये हजर. "काल तू इतक्या सहज खोटं बोललास ना, ते ऐकून मला भीती वाटली. मी पण अगदी असाच बोलायचो तिच्याशी."

काल रात्रीच त्याने वहिनींना सांगून टाकलं. पण काय सांगितलं? एक घेतली, स्वतः जाऊन घेतली, "प्रसाद रांगेत होता, त्याला पत्ताच नाही."

मी म्हटलं, अरे गाढवा, का? "तिच्या नजरेतून मी आधीच उतरलोय. तू कशाला उतरतोस?"

वहिनी रडल्या नाहीत. बॅगही भरली नाही. गुरुवारी मीटिंगला चल म्हणाल्या, पिणं सोडणाऱ्यांच्या.

क्रेग जाताजाता म्हणाला, नेक्स्ट इयर अगेन, बॉइज!

बुध. २८

वहिनींचा फोन. "माफ करा हं भाऊजी. तुम्हाला बिचाऱ्यांना काही माहीतच नव्हतं, आणि मी उलटतपासणी घेत बसले."

माझी माफी! अगदी ओठांवर आलं होतं, वहिनी, ग्लास माझा होता. ते राहिलं. म्हणालो काय, तर "अहो असू दे हो."

मग म्हणाल्या, उद्या मीटिंगला जवळच्या कुणाला तरी घेऊन या म्हणालेत. "आमचं इथे आहे कोण? याल ना?" हो म्हटलं. काय म्हणणार होतो?

रूपालीला फोनवर सगळं सांगितलं. तिचं एकच वाक्य, "मला काय सांगतोस, तिला सांग."

गुरु. २९

हॉलबाहेर गाडीत बसून लिहितोय. लवकर आलो.

सकाळी मं.चा मेसेज: "आज तिथे काही बोलू नकोस. तिचा भरवसा असलेला इथे तू एकटाच आहेस. तेवढा राहू दे तिला." वाचून हायसं वाटलं. हायसं वाटलं याचीच जास्त लाज वाटतेय.

आत गोल करून बसतात म्हणे, एकेकाने खरं बोलायचं. मं. पहिल्याच दिवशी माझ्यासाठी खोटं बोलणार. आणि मी शेजारी बसून मान डोलावणार? बोललो तर वहिनींचं उरलंसुरलं माणूस जातं. नाही बोललो तर... हे त्यांच्यासाठी गप्प बसणं म्हणायचं की माझ्यासाठी

आले. मं. गाडी लॉक करतोय. मान खाली. वहिनी सरळ इकडेच. काचेवर टकटक करतायत, हसून. "चला ना भाऊजी, एकटे काय बसलात? तुम्ही असलात की मला धीर येतो."

काच अजून खाली केलेली नाही.