उपकारस्तुतीच्या साक्षीची तयारी

११ ऑक्टोबर, शनिवार

पाळकबाईंनी वह्या वाटल्या. रोज दोन ओळी लिहा म्हणे, कुणाशी काय बोललात ते. आणि खाली एका गोष्टीचे आभार. मी म्हटलं चौथी शिकलेल्या बाईला कशाला कामाला लावता. तर म्हणाल्या, कुणी तपासणार नाही काकू, तुमची तुमच्यापाशी.

चार शनिवार वर्ग. चर्चच्या ओट्यावर, नऊ बाया. 'बोलावं कसं' शिकवणार. पाळकबाई तिशीच्या, मी पन्नाशीला आले. मला बोलायला शिकवायचं म्हणजे कमाल आहे.

पण अडकले. १६ नोव्हेंबरला उपकारस्तुतीचा रविवार. सगळे पीक आणतात, लिलाव होतो, त्याआधी एक बाई साक्ष देते, म्हणजे देवानं वर्षभर काय केलं ते माईकवर सांगते. यंदा माझं नाव काढलं.

घरी सांगितलं. हे म्हणाले, तुला माईक लागायचा न्हाई. स्नेहल मशीनवर होती, दिवाळीचे ब्लाउज पडलेत ढीगभर. मान वर केली नाही. सून घरात आहे आणि महिना झाला, जेवायला वाढू का याच्यापुढं बोलत नाही.

आभार : गुडघा कमी दुखला.

१३ ऑक्टो., सोम.

दिवसभर कापूस वेचला. पावसानं निम्मा काळा पडलाय. वेचताना डोक्यात एकच.

लिहूनच टाकते. गेल्या महिन्यात गुरुवारची प्रार्थना आमच्या घरी होती. प्रार्थना-विनंत्या विचारल्या. कुणी गुडघे सांगितले, कुणी पोराची नोकरी. मी उभी राहिले आणि म्हणाले, माझ्या सुनेचं दुसऱ्यांदा पोटातलं गेलं, तिच्यासाठी प्रार्थना करा. अकरा बाया एकदम आमेन म्हणाल्या.

ती गोष्ट स्नेहलनं मला एकटीला सांगितली होती. नवऱ्याला, अजितलासुद्धा, नाही. तो नगरला एमआयडीसीत, शनिवारी येतो. यंदा दिवस राहिल्याचंच त्याला ठाऊक नव्हतं, खात्री झाली की सांगीन म्हणत होती, तोवर हे झालं. येईल तेव्हा समोर बसून सांगीन म्हणाली होती. त्याच्या आधी त्या अकरांतल्या कमलच्या पोरानं कंपनीत विचारलं त्याला, वहिनी बऱ्या हायेत का आता.

मी वाईट मनानं केलं का? देवालाच तर सांगितलं.

आभार : सुचत नाही.

१८ ऑक्टो., शनि.

दुसरा वर्ग. दोघी-दोघींच्या जोड्या. एकीनं दोन मिनिटं बोलायचं, दुसरीनं नुसतं ऐकायचं. हं सुद्धा करायचं नाही. मग तिनं काय सांगितलं ते आपल्या तोंडानं परत सांगायचं.

माझी जोडी कमल. ती म्हैस आजारी असल्याचं सांगत होती. मी अर्ध्या मिनिटात तिला औषध सांगितलं. पा.बाई म्हणाल्या परत. दुसऱ्यांदा डॉक्टर सांगितला. तिसऱ्यांदा गप्प बसले तर मानेला रग लागली. मग परत सांगायची वेळ आली आणि मला काय ते आठवेना, कारण मी सगळा वेळ काय सांगायचं तेच जुळवत होते.

सगळ्या हसल्या. मीपण हसले. पण येताना वाटेत बरं वाटत नव्हतं.

आभार : कमलची म्हैस डॉक्टर न आणता उठली. तिनंच सांगितलं.

२१ ऑक्टो., मंगळ.

कमल दळणाच्या गिरणीवर भेटली. सुनेचं काय मग, आमची प्रार्थना चालू हाय बरं का. चार बाया रांगेत. सगळ्यांचे कान इकडे. मी म्हटलं दळण घेऊन जा, पीठ उडतंय.

पहिल्यांदा कळलं की ही रांग मीच लावलीय.

२५ ऑक्टो., शनि.

आज उभं राहून बोलायचं होतं. पा.बाईंचे नियम : पाय घट्ट ठेवायचे. पहिलं वाक्य पाठ. 'मला बोलता येत नाही' असं म्हणून सुरुवात करायची नाही. गर्दीतलं एकच माणूस धरायचं आणि त्याच्याशी बोलल्यासारखं बोलायचं.

वर्ग सुटल्यावर मी थांबले. म्हटलं, ठरलं माझं. साक्षीत सगळ्यांपुढं माफी मागते. चारचौघांत चुकले, चारचौघांतच माफी.

पा.बाई जरा वेळ चटई गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "काकू, त्या रविवारी बाहेरगावची मंडळी येतात. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांनापण कळंल. ती कुठं बसंल तेव्हा?"

मी म्हटलं मग काय करू. तर म्हणाल्या, जिला लागलं तिच्याशी बोला.

दोनशे माणसांपुढं उभं राहायला मला काही वाटत नाही. घरातल्या त्या एकीपुढं पहिलं वाक्यसुद्धा जुळत नाही.

आभार : पा.बाईंनी तोंडावर सांगितलं. मला तोंडावर सांगणारं माणूस गावात कमी आहे.

२७ ऑक्टो., सोम.

बोलले. वाया गेलं.

स्नेहल भाकरी करत होती. मी म्हटलं, माझं चुकलं, पण मी काय वाईट मागितलं का, तुझ्या भल्याचंच. तिनं भाकरी उलटली. म्हणाली, आई, 'पण' लावू नका. मग तवा उतरवून बाहेर गेली.

दुसरी बाजू मी भाजली.

३० ऑक्टो., गुरु.

स्नेहल ह्यांना म्हणाली (मला नाही) की उपकारस्तुती झाली की श्रीरामपूरला जाते आईकडं. किती दिवस ते बोलली नाही. हे मला सांगायला आले. मी म्हटलं मला ऐकू आलं. घर केवढं आपलं.

प्रार्थनेला गेले. विनंत्या विचारल्यावर उठले नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आजारी आहे का काय म्हणून.

२ नोव्हेंबर, रवि.

अजित आला होता. उपासनेनंतर माझ्याजवळ बसला. चिडेल वाटलं. चिडला नाही. म्हणाला, आई, तिला राग तुझा एकटीचा न्हाई. मी पण तिला फोनवर विचारलं, मला आधी का न्हाई सांगितलं म्हणून. तिनं काय झालं ते सांगायच्या आत मी भांडलो.

म्हणजे पोरगा माझ्यावर गेलाय.

आभार : पोरगा आलता. कबूल केलं.

५ नोव्हें., बुध.

हे नीट लिहिते.

दुपारी स्नेहलचे ब्लाउज द्यायचे राहिले होते. दिवाळी झाली तरी मागचे संपेनात. मी विचारलं हूक लावू का. ढीग माझ्याकडं सरकवला. टाचण्या काढून ओठात धरल्या, दोरा ओवला. बरं झालं. तोंड बंदच राहिलं.

पंधरावीस हूक झाल्यावर ती आपणहून बोलायला लागली. मशीन चालूच.

म्हणाली त्या गुरुवारी मी आत कप भरत हुते. पातेलं चुलीवर, बाहेरून तुमचा आवाज. नाव ऐकलं तर हात थांबला. मग सगळ्यांचं आमेन. मग मला ट्रे घेऊन बाहेर यायचं हुतं. आले मी. एकेक बाई कप घेताना माझ्या पोटाकडं बघत हुती. कुणी साखर मागितली न्हाई त्या दिवशी.

मला तीनदा तोंडाशी आलं. मी तरी तुला बाहेर बोलवायला नको होतं. त्या वाईट नाहीत. असं नि तसं. टाचण्या होत्या.

पहिल्या वेळचंही सांगितलं. ते इथं नको.

मग मशीन थांबवली. मी टाचण्या काढल्या. पा.बाईंनी शिकवलं तसं परत सांगितलं, चुकतमाकत. तू आत होतीस. तुझं नाव ऐकलंस. तुला त्यांच्यापुढं ट्रे घेऊन यावं लागलं. सगळ्यांच्या आधी तुझ्या नवऱ्याला सांगायचं होतं तुला, ते मी काढून घेतलं.

"व्हय," म्हणाली. "तेच."

माझं चुकलं म्हणाले. पुढं काही लावलं नाही. ती रडली, थोडं. मी उठून पाणी आणणार होते, बसूनच राहिले.

नंतर म्हणाली हूक उलटे लावलेत चार.

आभार : त्या चार हुकांचे सुद्धा.

८ नोव्हें., शनि.

साक्ष लिहिली दीड पान. स्नेहलला वाचून दाखवली. म्हटलं तुला जे नको ते काढ.

पेन्सिल घेतली आणि बसली. 'माझ्या घरात यंदा दुःख आलं' काढलं. 'ज्यांना कळलं त्यांनी प्रार्थना केली' काढलं. 'माझी सून' काढलं. 'एका जीवाला' पण काढलं. मी म्हटलं अगं आता राहिलं काय. म्हणाली बाजरी राहिली, आई.

दोघी हसलो. लई दिवसांनी.

१२ नोव्हें., बुध.

कमल घरी आली, वाटीभर तेल मागायला. आत डोकावत म्हणाली, जाणार म्हणे माहेराला. काय, डॉक्टर बदलताय का?

मी म्हटलं, "कमल, तिचं तिला विचार. न्हाई सांगितलं तर न्हाई सांगितलं."

कमलला लागलं. वाटी घेऊन गेली. संध्याकाळी मीच गेले तिच्याकडं. म्हटलं तुझा राग न्हाई, सुरुवात मी केली, तू नुसती विचारत होतीस. ती म्हणाली, माझ्या पोराला मीच सांगितलं हुतं गं, चांगल्या मनानं. मी म्हटलं माहीत हाय, मीपण चांगल्याच मनानं सांगितलं हुतं. बसलो जरा. शेंगा फोडल्या.

आभार : कमल भांडली नाही.

१६ नोव्हें., रवि. उपकारस्तुती

चर्चमध्ये पुढं सगळा ढीग. बाजरीची कणसं, भोपळे, कापसाची बोंडं, कुणी कोंबडी पाय बांधून आणलेली, ती उपासनाभर बोलत होती. आमच्याकडून बाजरीचं पोतं आणि स्नेहलनं शिवलेल्या दोन पिशव्या. तिनंच ठेवल्या, पाळकांच्या टेबलापाशी.

नाव पुकारलं. गेले. पाय घट्ट. पहिलं वाक्य पाठ.

एक माणूस धरायचं होतं. स्नेहल तिसऱ्या बाकावर. मी तिच्याकडं बघितलं असतं तर दोनशे माना तिकडं वळल्या असत्या. हे पा.बाईंनी नव्हतं शिकवलं, तिथं उभं राहिल्यावर कळलं. मग मी दारातले म्हातारे दाजी धरले. त्यांना ऐकू येत नाही. ते माझ्याकडं बघून मान हलवत राहिले, छान.

बोलले ते असं, आठवतं तेवढं : यंदा पावसानं कापूस खाल्ला पर बाजरी राहिली, त्याचे आभार. गुडघा चालतो, त्याचे. ह्या वर्षी मला बोलायला शिकवलं, आणि मग गप्प बसायला शिकवलं, ते जास्त अवघड गेलं, त्याचे आभार. आणखी एक उपकार हाय. तो मी देवाला सांगितलाय, तुमाला न्हाई सांगत. तुमी नुसतं आमेन म्हना.

आधी कोंबडी बोलली. मग आमेन आलं.

जागेवर येऊन बसले तर मधल्या वाटेपलीकडून, पुरुषांच्या बाजूनं, हे हळूच म्हणाले, झालं? घड्याळ लावून बसलो हुतो मी. स्नेहल बायांच्या बाजूला, माझ्या पुढच्या बाकावर. मागं वळली नाही. तिचा हात मागं आला, बाकाच्या पाठीवर. मी त्यावर हात ठेवला नाही. नुसता जवळ ठेवला. तिनं बोट लावलं.

पा.बाई नंतर भेटल्या, डोळे पुसत होत्या. मी म्हटलं रडायला काय झालं, तुमचाच नियम मोडला मी, बहिरं माणूस धरलं. ह्या तिशीच्या पोरीचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मी तिला सांगितलं मात्र. हात धरून सांगितलं. एकटीला.

१९ नोव्हें., बुध.

स्नेहल गेली. अजित शनिवारी श्रीरामपूरला जाणार आहे, घरी न येता तिकडंच. दोघं बोलणार म्हणे समोरासमोर. बरं आहे.

शेवगावच्या स्टँडवर सोडायला मीच गेले. एसटीला वेळ होता. बाकावर बसलो, पिशवी मध्ये. शेंगदाणे घेतले. कधी येतेस, विचारायचं नाही असं घरून ठरवून निघाले होते. विचारलं नाही. दोनदा ओठांवर आलं.

गाडी लागली तेव्हा ती उठली आणि परत बसली. म्हणाली, आई, एक सांगायचंय. अजितला शनिवारी सांगीन. तुमाला आधी सांगते.

सांगितलं.

मी तिला शेवटपर्यंत बोलू दिलं. कंडक्टर ओरडत होता, तरी. मग ती चढली, खिडकीशी बसली, गाडी हलली.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं काय म्हणाली. मी म्हटलं जागा मिळाली खिडकीची.

काय सांगितलं ते या वहीतसुद्धा लिहीत नाही.

आभार : मला सांगितलं.