साहेबांच्या सिगारची पेटी

९ एप्रिल १९६२, सोमवार

रशियाला जागा एकच. नावं दोन — माझं आणि पुंडलिकचं.

सहा महिन्यांचं ट्रेनिंग. परत आला की फोरमन, सेक्टरमध्ये पक्का क्वार्टर, खुर्सीपारच्या या टिनाच्या खोलीतून सुटका. आज आमच्या शॉपच्या बागची साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, निकाल लागला. तर टेबलावर सिगारचा खोका. मायदेशी परत जाणारा रशियन एक्सपर्ट साहेबांना देऊन गेला, क्युबाचा माल. साहेबांनी एक सिगार माझ्या कानाशी धरून दाबला. कुरकुरला. "सुनते हो? भिलाई की गर्मी में मर रहा है बेचारा."

अशा सिगारसाठी म्हणे खास पेटी असते, आतली हवा ओलसर ठेवणारी. ह्युमिडॉर म्हणतात. कलकत्त्यात मिळते, इथे कुठली? म्हणून आम्ही दोघांनी घरी एकेक पेटी करायची. साहेब दोन्ही पेट्यांत मूठमूठ सिगार ठेवणार, अख्खा मे महिना. "जिसका माल ज़िंदा रहा, उसका नाम ऊपर जाएगा."

कोंबडे झुंजवायला सोडावेत तसे आम्ही उभे. साहेब हसत होते. पुंडलिकही हसला. त्याला कशाचंही हसू येतं. मला आलं नाही. अख्ख्या पॅटर्न शॉपमध्ये लाकडावर माझ्याइतका साफ हात कुणाचा नाही, हे ठाऊक असूनही परीक्षा!

१५ एप्रिल, रविवार

रशियन मशिनींच्या खोक्यांचं लाकूड फुकट पडलेलं असतं. त्याची पेटी ठोकून पाहिली. आत सासूने पाठवलेल्या बिड्यांचं एक बंडल ठेवलं, परीक्षा म्हणून. आज काढून एक पेटवली. टर्पेंटाइन! ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. बायको, मथुरा, म्हणाली, "चिडाचं लाकूड हाये थे. वास सोडतेच." आधी सांगायला हिचं तोंड कुणी शिवलं होतं?

पेटी फोडून चुलीत घातली. भाकरीलासुद्धा वास आला.

१९ एप्रिल

आपला पॅटर्नवाल्यांचा धंदा म्हणजे मशीनचा पार्ट लोखंडात ओतायच्या आधी लाकडात घडवायचा. त्यामुळे कुठलं लाकूड वास मारतं, कुठलं वाकतं, हे मला वेगळं सांगायला नको. शिवणीचं लाकूड हवं. हलकं, पिळत नाही, गंध नाही. अख्ख्या भिलाईत चांगलं शिवण कुठे आहे? माझ्याच घरात, पलंगाखाली!

मथुराला सातवा लागलाय. आमच्याकडे पहिल्या बाळंतपणाचा पाळणा माहेरून येतो. तिचा भाऊ तेजराम गेल्या महिन्यात तिरोड्याहून शिवणीच्या लाकडाच्या पाट्या घेऊन आला. पाळणा तूच कर, तू कारागीर, म्हणाला. पाट्या ओढून काढल्या तर ही आडवी.

"पाळन्याच्या हायेत थ्या."

"पाळण्यापेक्षा रशिया मोठा."

"माहेरच्या हायेत. तेजरामनं टेसनावरून डोक्यावर आनल्या."

"पोराला झोळी पुरते. मी झोळीतच वाढलो."

खाली बसली आणि पाटीवर हात ठेवून राहिली. मी दुसऱ्या टोकाने ओढली. हाताला लाकडाची फास घुसली असेल, रक्त होतं थोडं. रडली नाही. तिने रडावं अशी माझी इच्छा होती, म्हणजे चार शब्द सुनावता आले असते. ती काहीच करत नाही, त्याचाच राग येतो.

दुपारपर्यंत सगळ्या पाट्या कापून झाल्या.

२७ एप्रिल

पेटी झाली. लिहायला हात शिवशिवतोय. कोपरे दात्यात दाता बसवून सांधलेले, एक खिळा नाही. झाकण सोडलं की लगेच पडत नाही, आतली हवा त्याला धरते, मग हळूहळू बसतं. पुन्हा पुन्हा सोडून पाहिलं.

आतून ओल्या फडक्याने पुसपुसून लाकडाला पाणी पाजलं, नाहीतर लाकूडच सिगारची ओल पिऊन टाकेल. पाणीही साधं नाही, लॅबमधून आणलेलं डिस्टिल्ड. झाकणाखाली साबणाची डबी, भोकं पाडलेली, तिच्यात वाळलेल्या घोसाळ्याची जाळी भिजवून. बुरशी येईल इतकी ओल नको, कुरकुर येईल इतकी कमीही नको. हे मोजायचं कशाने? मथुरा भाजी चिरता चिरता म्हणाली, "तेंदूचं पान ठेवा आत. सुकलं का मोडते, वल्लं असलं का वाकते." तिची आई जन्मभर बिड्या वळते. ठेवलं. बरोबर सांगतं पान!

साहेबांना सांगितलं, मी शोधून काढलं. साहेब म्हणाले, "दिमाग है तुम्हारे पास." आहेच.

२९ एप्रिल, रविवार

आज सकाळी पुंडलिक दारात. त्याची पेटी खालून झालीये, झाकण राहिलंय. मापाची पट्टी शेजारच्या मिस्त्रीची होती, तो उतई गावी कामावर जाताना घेऊन गेला. "चंपतभाऊ, साधी स्केल हाये का तुमच्यापाशी? शॉपवाली नोको."

शॉपवाली का नको, हे आम्हालाच कळतं. ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्नवाल्याची स्केल मुळातच लांब असते, तिचा इंच खऱ्या इंचापेक्षा मोठा. नुसत्या डोळ्याला फरक दिसत नाही. कडेला छाप असतो, त्यावरून ओळखायची. माझ्या एका जुन्या स्केलचा छाप घासून गेलाय. उरलासुरला मी आत जाऊन पॉलिश पेपरने घासला. फार वेळ लागला नाही.

"घे, ही साधीच आहे."

"तुमचं चांगलं हो, भाऊ," म्हणाला. चहा पिऊन गेला. नलूला — म्हणजे त्याच्या बायकोला — दोन कांदे हवे होते, तेही घेऊन गेला.

त्याचं झाकण डब्याच्या झाकणासारखं वरून बसणारं आहे. खालची पेटी खऱ्या इंचाने झालीये, झाकण तो त्याच आकड्यांवर माझ्या स्केलने कापणार. फूटभर लांबीला पाव इंच मोकळं राहील. मोठं झालेलं झाकण तासून लहान होत नाही, नवं करावं लागतं. आणि नवं करायला त्याच्याकडे ना लाकूड आहे ना वेळ.

मथुराला सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवंच होतं, नाहीतर मजा काय? हसली नाही. घागर घेऊन नळावर गेली.

१ मे

दोन्ही पेट्या केबिनमध्ये मांडल्या. पुंडलिकचं झाकण खुळखुळतं! त्याने फटीत धोतराची चिंधी कोंबली आहे. साहेबांनी बोटाने चिंधी ओढली, सोडली, बोट रुमालाला पुसलं. पुंडलिक डोकं खाजवत म्हणाला, "माप चुकलं साहेब." माझ्याकडे पाहिलंही नाही. बावळट.

१२ मे

पान मऊ.

१८ मे

पान मऊ. शॉपच्या पत्र्याखाली उभं राहवत नाही, हत्यारं धरताना फडकं लागतं. माझी पेटी मात्र आतून पहाटेसारखी गार. झाकण उघडून नाक घातलं की मध, माती, जुनं लाकूड. साहेबांचा माल, पण वास माझा.

२४ मे

मथुरा नळावर चक्कर येऊन पडली. नलूने धरून घरी आणलं, कांदा हुंगवला. मी साहेबांच्या केबिनमध्ये होतो, जाळी भिजवत होतो. निरोप आला तेव्हा हात ओले होते. काम पुरं करूनच निघालो. अर्धवट सोडून गेलो असतो तर झाकण उघडं राहिलं असतं. घरी आलो तर ही उठून बसलेली. म्हणजे धावत येण्यासारखं काही नव्हतंच.

"आले का," एवढंच म्हणाली.

१ जून, शुक्रवार

आजचा दिवस! साहेबांनी दोन्ही पेट्या शॉपमध्ये आणवल्या, सगळ्यांना कामं थांबवायला लावली. माझ्या पेटीतला सिगार दोन बोटांत वाकवला, तो वाकला आणि परत सरळ झाला. साहेबांनी डोळे मिटून वास घेतला. मग पुंडलिकच्या पेटीतला घेतला. नुसता उचलला तर वरचं पान पापडासारखं फुटलं, तंबाखू जमिनीवर.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पुंडलिक, यह मैं तो पी नहीं सकता. तुमने मारा है, तुम पियो." पुंडलिक हसायला लागला. साहेब हसले नाहीत. माचिस पुढे केली. मग तो उभ्या उभ्या ओढायला लागला, भुसा तोंडात जातोय, ठिणग्या सदऱ्यावर पडतायत. "धुआँ अंदर लो. महँगा है." एक संपला की दुसरा हातात. तिसऱ्याला तो साच्यांच्या वाळूच्या ढिगावर वाकून ओकला. साहेब म्हणाले, "मोल्डिंग की रेत ख़राब मत करो." सगळा शॉप हसला. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो.

त्याची दया आली का? खरं लिहितो — नाही आली. उलट वाटलं, अजून एक सिगार बाकी होता.

४ जून

साहेबांनी पाठीवर थाप मारली. "तुम्हारा काम हो गया समझो." शिंप्याकडे लोकरीच्या कोटाचं माप दिलं. या उकाड्यात लोकर म्हटल्यावर शिंपी माझ्याकडे बघतच राहिला. रशियाला चाललोय, म्हटलं.

११ जून

पेटी केबिनमधून साहेबांच्या बंगल्यावर गेली. जाळीचं पाणी तिथे कुणाला जमत नाही, म्हणून मी जायचं. जातो. मेमसाहेबांनी आज स्वयंपाकघराची फळीही बसवून घेतली. फोरमन होईपर्यंत चालवून घ्यायचं.

१७ जून, रविवार

बंगला. पेटी, मग मेमसाहेबांच्या ड्रेसिंग टेबलाचे कप्पे. पाहुण्यांसमोर साहेबांनी झाकण सोडून दाखवलं, ते कसं हळू बसतं ते. "मेरा आदमी है," म्हणाले. छाती फुगली, का लपवू?

२३ जून

मुलगी झाली. मी बंगल्यावर होतो. सुईण अंजनाबाई म्हणाली, बापाचं नाक घेऊन आली. दोन लुगडी एकत्र बांधून झोळी केली. बळकट आहे.

९ जुलै, सोमवार

नोटीस लागली. रशियाला पुंडलिक.

दोनदा वाचली. टाइप करणाऱ्याने चूक केली असेल, म्हणून तसाच केबिनमध्ये गेलो. साहेब सिगार ओढत होते, माझ्या पेटीतला. मी म्हटलं, साहेब, जिसका माल ज़िंदा रहा... ते म्हणाले, "हाँ हाँ, रहा न. तभी तो." मला कळेना. मग समजावलं, एखाद्या लहान पोराला समजवावं तसं. "तुम छह महीने वहाँ बैठोगे तो पेटी कौन देखेगा? और पुंडलिक यहाँ मेरे किस काम का? जाने दो उसको." वर म्हणाले, डिसेंबरात नवा माल येतोय, एक मोठी पेटी हवी. आणि फोरमनचं? "पुंडलिक आएगा न वापस. उसके नीचे तुम आराम से रहोगे."

मी "जी साहेब" म्हणालो. का म्हणालो?

सगळ्यांसमोर ओकलेला माणूस! पाव इंच चुकलेला माणूस! संध्याकाळी तो पेढे घेऊन घरी आला. मी दार उघडलं नाही. मथुराने उघडलं. दोघं बाहेर काहीतरी बोलले, ती पेढ्याचा पुडा घेऊन आत आली, आणि एक पेढा तिथेच उभ्याने खाल्ला.

१० जुलै

सकाळी मथुरा पोरीला पाजता पाजता बोलली. आपणहून, बऱ्याच महिन्यांनी.

"स्केलचं पुंडलिकभाऊजीले मीच सांगतलं होतं. त्याच दिवशी, नळावरून येता येता. थे हासले. म्हने, वहिनी, हातात घेतली तवाच मले समजलं. पन ज्याची पेटी चांगली निघंन त्याले साहेब हातचा सोडन का? मी ढिल्लंच कापतो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगतलं असतं त तुमी पेटी बिघडवली असती. अन् रशियाले गेले असते."

"मग?"

"मग काई नाई. मले एकटीलेच काहून अडकून रायचं होतं हितं?"

पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं तिने. मी सदरा घातला आणि बंगल्यावर गेलो. आज जाळी भिजवायचा दिवस होता.