बॉलला लागलेली उचकी

४ नोव्हेंबर
कारखान्यात सफदर साहेबांनी आज एक बाद फुटबॉल दिला. कायमचा! सियालकोटात घरोघरी फुटबॉल शिवतात, बॉलचं कौतुक कुणाला — पण हा सेन्सरवाला. कुठून लाथ बसली, किती गरगरला, सगळं लक्षात ठेवतो. वाटीत अंडं ठेवावं तसा स्टँडवर ठेवला की चार्ज. वायर नाही, काही नाही. एका अंगाने केसभर जड, म्हणून बाद.
"नेऊन करणार काय?"
"कादंबरी लिहिणार. बॉलच्या तोंडून."
"हिला टेस्टिंगला कुणी घेतलं रे!"

५ नोव्हेंबर
कादंबरीत विशेषणं नाहीत. फक्त हालचाल.
अंगणात सोडला. बकरीने धडक दिली, फोनवर आलेखाचा डोंगर! अब्बा रिक्षा पुसता पुसता ओरडले, "घर आहे की ग्राउंड?" अम्मी हसली आणि हातातला कप पडला.
ऑपरेशन होऊनही तिची बोटं बधिरच. डॉक्टरांनी बजावलंय — परत बॉल शिवलेत तर उजवा हात कायमचा जाईल. अम्मीने माझ्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलंय, नाही शिवणार. पण जन्मभर तेच केलेलं. संध्याकाळी शिवायला बॉल देणारा ठेकेदार दारातूनच विचारून गेला, "खाला, तुमचं काम चालू ठेवू की दुसरीला देऊ?"
अब्बा परत रिक्षा पुसायला लागले.

७ नोव्हेंबर
विचित्र! मी दिवसभर कामावर, बॉल ट्रंकेत. आता फोनला जोडला तर आलेख भरलेला!
घरंगळलेला नाही, उसळलेला नाही. एकाच जागी, आणि झटके. दोन एकदम, दोन बाजूंना. थांबतो. परत दोन. काय आहे हे?
अम्मी म्हणते, "जिन्न असेल. तुझी कादंबरी वाचायला दे, पळून जाईल."

८ नोव्हेंबर
टेस्टिंगमध्ये बॉल हलवून पाहिला, थोपटला, टेबलाखाली धरून हादरवला. तसा आलेख येईचना. साहेब वाकून बघतात — "उचकी लागली वाटतं याला!"

तोच दिवस, संध्याकाळ
कळलं.
शेजारी रुखसाना चाची ओट्यावर शिवत होती. गुडघ्यांत लाकडी चिमटा, चिमट्यात बॉल, दोरा दोन्ही हातांना. हात पंखांसारखे फाकवले — खट्! दोन्हीकडून एकदम.
धावत घरी. बॉल आता नीट दाबून पाहिला. हवा कमी. एका शिवणीवर दोऱ्याचं ताजं मेण. कुणीतरी उसवून परत शिवलीय! आणि आलेखात एका बाजूचा झटका कायम अर्धा. अशक्त हाताचा.
अम्मी.

९ नोव्हेंबर
भांडले. जेवले नाही.
"डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतंस!"
"मग? मोडलंय थोडंच."
"आलेख दिसतोय मला. बॉल खोटं बोलत नाही."
"तर त्यालाच विचार की, शफक बेगम. एवढी शिकलीस."
अब्बा मधेच उठून बाहेर गेले. जाणारच! पाण्याचा ग्लास स्वतः न घेणारा माणूस. बायकोचा हात जातोय, याचं त्यांना काय?
कादंबरी बंद. बॉल मुद्दाम ट्रंकेतच ठेवलाय. उद्या रंगेहाथ पकडणार.

१० नोव्हेंबर
डोकं दुखतंय सांगून दुपारीच कामावरून निघाले. दाराबाहेर रिक्षा. आतून अम्मीचा आवाज — "दोन्ही हात सारखे ओढा! रिक्षाची किक आहे का ती? ठेकेदाराला हे दाखवणार?"
फटीतून पाहिलं. अम्मीचे हात मांडीवर, स्वस्थ. चिमटा अब्बांच्या गुडघ्यांत.