स्वतःच्या गळ्यात घालून बघणे

वाशी, मंगळवार, १२ ऑगस्ट १९८६. संध्याकाळ.

तांब्याचा हार झाला, पण कुठे टोचतो ते अजून कळलेलं नाही. शनिवारी प्रदर्शनवाले न्यायला येणार. हार खाडीतल्या तिवरांच्या मुळांसारखा, पार खांद्यापर्यंत येणारा. असा दागिना अर्धा दिवस स्वतः घालून वावरल्याशिवाय मी कधी कुणाला दिला नाही. मागचा हूक हे लावायचे. ह्यांना जाऊन उद्या तीन महिने होतील.

सासूबाईंसमोर घालायची हिंमत नव्हती. म्हणून दुपारी शेजारच्या कुंदाला घातला.

"टोचतो का गं?"

"छे, मस्त आहे!" म्हणाली, आणि फोटो काढायला उभी राहिल्यासारखी ताठ. हार उतरवला तर मानेवर लाल वळ. दुसऱ्याच्या मानेचं मला कसं कळणार?

शेवटी बाथरूममध्ये कडी लावून घातला. हूक लागेना. रडूच आलं. हुकासाठी की ह्यांच्यासाठी, कोण जाणे.

"काय करतेस गं आत एवढा वेळ?" सासूबाई.

मी दार उघडलं. गळ्यातला हार मागून दोन्ही हातांनी धरलेला. त्यांनी बघितलं. मग जाऊन खिडकीचा पडदा ओढला, मला पाठमोरं केलं आणि हूक लावला. "घाल. पण गॅलरीत जाऊ नकोस, समोरच्या बघतात."

रागावल्या असत्या तर उलट बोलता आलं असतं. यापुढे हार घालताना पडदा मीच ओढून घेईन, असं दिसतंय.